शर्यतीची कयाक निवडताना : स्थैर्य आणि वेग यांचा विचार

आपल्या वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपूर्वी शाळेला एक कयाक भेट दिली. लांब, निमुळती, पांढरीशुभ्र. ऑलिंपिकमध्ये असते तशीच. त्या आनंदात आम्हा शिक्षकांपैकी कोणालाही तिची रुंदी विचारावी असे सुचले नाही. पोहण्यात तरबेज असलेली इयत्ता नववीची एक विद्यार्थिनी तलावावर पहिल्या दिवशी सात वेळा पाण्यात पडली, दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तितक्याच वेळा, आणि तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. दोष तिचा नव्हता. दात्यांचाही नव्हता. नाव कोणासाठी घ्यायची आहे हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते. यंदा माजी विद्यार्थ्यांनी पुन्हा नावांसाठी निधी उभा केला आहे. तो खर्ची पडण्यापूर्वी आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, तो आपणांसमोर ठेवीत आहोत.

आरंभ इतिहासापासून करणे आम्हांस क्रमप्राप्त आहे. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवप्रदेशातील इन्युइट आणि त्यांच्या शेजारच्या लोकांची नाव. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, अशी तिची घडण. ती बाजारातून विकत घेण्याची वस्तू नव्हती. ज्याची नाव, त्याच्याच शरीराच्या मापाने ती बांधली जाई. लांबी पसरलेल्या हातांच्या सुमारे तिप्पट आणि बसण्याच्या जागेची रुंदी कंबरेइतकी, अधिक दोन मुठी, अशी मापे परंपरेने सांगितली जातात. शिकाऱ्याचा जीव त्या मापावर अवलंबून असे, कारण गोठणाऱ्या पाण्यात उलटलेल्या माणसाला फार वेळ मिळत नाही. नाव माणसाला बेतायची, माणूस नावेला नव्हे, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. आम्ही नेमके उलटे केले.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नावेचा छंद पसरला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतींना अधिकृत स्थान मिळाले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासून स्त्रियाही त्यात उतरल्या. एकट्याने वल्हवायच्या 'के-१' नावेसाठी कमाल लांबी ५२० सेंमी आणि किमान वजन १२ किलो हा नियम आजही आहे. एकेकाळी किमान रुंदीचाही नियम होता, ५१ सेंमीचा. नावा वेड्यावाकड्या अरुंद होऊ नयेत हा त्यामागचा हेतू. पण नाव बांधणाऱ्यांनी त्यातून वाट काढली. पाण्याला टेकणारा तळ अरुंदच ठेवायचा आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे, पाण्याच्या वर, दोन्ही बाजूंना पंखांसारखे फुगवटे काढायचे. मोजपट्टी लावली की ५१ सेंमी भरत, पाण्याला मात्र ते कधी लागतच नसत. कायद्याचे अक्षर पाळून आशय बाजूला सारण्याची उदाहरणे इतिहासात ठायी ठायी भेटतात. नौकानयनातही ते भेटेल असे आम्हांस वाटले नव्हते. अखेर २००० च्या सिडनी ऑलिंपिकनंतर हा नियमच रद्द झाला. आज शर्यतीची के-१ जेमतेम ४० सेंमीच्या आसपास रुंद असते.

एवढा आटापिटा कशासाठी, हे समजण्यास थोडे पदार्थविज्ञान लागते. चालत्या नावेला पाणी मुख्यतः दोन प्रकारे अडवते. एक, भिजलेल्या पृष्ठभागाचे घर्षण. दुसरे, नाव स्वतःच उठवीत असलेल्या लाटा. वेग कमी असताना घर्षण भारी असते, वेग वाढला की लाटा डोईजड होतात. साध्या, रुंद नावेला आपल्याच लाटेचा चढ ओलांडता येत नाही. ५२० सेंमी लांबीला ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर येते. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या बालिंट कोपास यांनी १००० मीटरचे अंतर ३ मिनिटे २०.६४ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी जवळजवळ १८ किलोमीटर. हे साधते ते नाव सुरीसारखी अरुंद असल्यामुळे. ती लाट फारशी उठवतच नाही.

आता दुसरी बाजू. नावेच्या आकारातून मिळणारे स्थैर्य पाण्याच्या रेषेवरील रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रुंदी ४० वरून ५० सेंमी केली, म्हणजे केवळ सव्वापट, तरी ते स्थैर्य जवळजवळ दुप्पट होते. उलट दिशेने पाहिले तर दहा सेंटिमीटर कमी झाले की निम्मा आधार गेला. आमच्या विद्यार्थिनीच्या पायाखालून नेमके हेच निसटले होते.

स्थैर्यही एकाच प्रकारचे नसते. रुंद, सपाट तळाची नाव शांत पाण्यात पाटासारखी स्थिर वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की अचानक उलटते. गोलसर तळाची आणि वर पसरत जाणारी नाव आरंभी डुलते, पण कलल्यावर सावरून धरते. म्हणून काठावर पाच मिनिटे बसून नावेची पारख होत नाही.

मग निवड कशी करावी? आमचा पहिला निष्कर्ष असा की, डळमळणारा वल्हेकरी वेगवान नावेतही मंदच असतो. कयाक दंडाच्या जोरावर चालत नाही; पाय रोवून, कंबरेतून धड वळवून ती चालवावी लागते. पडण्याची धास्ती असली की अंग आखडते, वल्हे अर्ध्यावरच बाहेर येते आणि निम्मे फटके पुढे जाण्याऐवजी तोल सावरण्यातच जातात. यास्तव ज्या नावेत बसणारा वल्हे मांडीवर ठेवून निवांत थांबू शकतो, मान वळवून मागे पाहू शकतो आणि वाऱ्याने पाणी हलले तरी आपली लय टिकवतो, तीच त्याच्यासाठी त्या घडीची सर्वांत वेगवान नाव होय. ब्रिटनमध्ये के-१ नावांना स्थैर्यानुसार १ ते १० असे क्रमांक देण्याची रीत आहे. ती उपयोगाची आहे, परंतु दोन कारखान्यांचे क्रमांक तंतोतंत जुळतीलच असे धरून चालू नये.

वजनाकडे तर आम्ही अजिबात पाहिले नव्हते. एकाच घडणीची नाव वेगवेगळ्या वजनाच्या माणसांसाठी लहान-मोठ्या आकारांत मिळते. ऐंशी किलोच्या माणसासाठी बांधलेल्या नावेत चाळीस किलोची मुलगी बसली की नाव पुरेशी पाण्यात बसत नाही, वर तरंगत राहते आणि वारा तिला हवी तशी ढकलतो. आसनाची उंचीही पाहावी. आसन दोन-तीन सेंटिमीटर खाली घेतले तरी गुरुत्वमध्य उतरतो आणि फरक लगेच जाणवतो. कसलेले खेळाडू ते वर घेतात, कारण उंचावरून वल्हे अधिक ताठ पडते. कार्बनची नाव हलकी खरी, पण आपल्या तलावाचा काठ खडकाळ आहे. फायबरग्लासला चीर गेली तर रेझिन लावून ती आपल्याकडेच बुजवता येते.

एक नियम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटला. दिव्यांग खेळाडूंच्या कयाक शर्यतीत किमान ५० सेंमी रुंदी आजही बंधनकारक आहे आणि ती तळापासून १० सेंमी उंचीवर मोजतात. येथे पंखांची पळवाट चालत नाही. भारताच्या प्राची यादव यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचे सुवर्णपदक जिंकले, ते अशाच नावेतून. रुंद नाव म्हणजे नवशिक्यांची नाव, हा आमचा समज तेव्हाच गळून पडला.

आम्ही सुचवतो ते असे. निधीतून एक महागडी नाव न घेता ५० सेंमीच्या आसपास रुंदीच्या, लहान आकाराच्या, फायबरग्लासच्या दोन सरावनावा आणि अंगाला नीट बसणारी लाइफ जॅकेटे घ्यावीत. पैसे देण्याआधी ज्यांना त्या वापरायच्या आहेत त्या मुलामुलींनाच त्यांत बसवून पाहावे. जुनी पांढरी नाव सध्या भोजनगृहामागील पडवीत आडव्या वाशांवर ठेवली आहे. ती आम्ही विकणार नाही. ती विद्यार्थिनी आता दहावीत आहे. गेल्या आठवड्यात मोजपट्टी घेऊन आम्ही त्या नावेची रुंदी घेत होतो, तेव्हा पट्टीचे दुसरे टोक तिने धरले होते. बेचाळीस भरली. "सर, आधी पन्नासची, मग हीच," एवढे बोलून ती अभ्यासिकेकडे निघून गेली.