आठ वर्षांच्या मुलीचा निधि

ज्या घरांतलें लेकरूं देवाघरीं गेलें, त्या घरीं समाचारास जाणें फार अवघड असतें. काय बोलावें हें सुचत नाहीं, आणि न बोलतां बसवत नाहीं. कांहीं दिवस लोटले म्हणजे त्या आईबापांच्या मनांत बहुधा एकच विचार घोळूं लागतो : आमच्या बाळाचें नांव राहावें. कोणी देवळास घंटा देतो, कोणी शाळेंत बक्षीस ठेवितो, कोणी अनाथांस जेवूं घालितो. हीं सर्व कृत्यें चांगलींच आहेत. परंतु ज्या रोगानें आपलें मूल नेलें त्या रोगाचाच पाठलाग करावयाचा, असें ठरविणारीं आईबापेंहि आहेत. त्यांपैकीं एका कुटुंबाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांत ता. १८ जानेवारी १९९६ रोजीं अलेक्झांड्रा स्कॉट ही मुलगी जन्मली. घरीं तिला ॲलेक्स म्हणत. वर्षाची होण्यापूर्वींच तिला ‘न्यूरोब्लास्टोमा’ नांवाचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. गर्भांत मज्जातंतु तयार होतांना कांहीं पेशी अपक्व राहून पुढें बेसुमार वाढूं लागल्या म्हणजे हा रोग होतो; बहुतकरून तो पांच वर्षांखालील मुलांसच गांठतो. चार वर्षांची असतांना, इस्पितळांतून घरीं गेल्यावर आपण लिंबाच्या सरबताचें दुकान मांडणार, असें तिनें आईस सांगितलें. पैसे स्वतःसाठीं नकोत. ते डॉक्टरांस द्यावयाचे, म्हणजे ते इतर मुलांनाहि बरें करतील. तिकडे उन्हाळ्यांत मुलांनीं असें दुकान मांडणें हा नित्याचा खेळ आहे, आपल्याकडे भातुकली मांडतात तसा. सन २००० मध्यें तिनें भावाच्या मदतीनें तें मांडलें, आणि २,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमली. नुसत्या सरबताच्या किंमतीनें एवढी रक्कम होत नाहीं हें उघड आहे. पेला घेणारे पदरचें अधिक टाकीत गेले.

पुढें दर वर्षीं दुकान मांडलें गेलें, आणि ठिकठिकाणचे लोक तिच्या नांवानें तसेंच करूं लागले. ता. १ ऑगस्ट २००४ रोजीं, वयाच्या आठव्या वर्षीं, ॲलेक्स वारली. तोंवर १० लाख डॉलरांहून अधिक निधि जमला होता. आईबापांनीं २००५ सालीं तिच्या नांवानें रीतसर संस्था स्थापिली. तिचा एकंदर निधि आतां २५ कोटी डॉलरांच्या वर गेला आहे.

एवढें करूनहि ती वांचली नाहीं. मग उपयोग काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. दान म्हणजे देवाशीं सौदा नव्हे, आणि संशोधनाचें फळ बी पेरणाऱ्याच्याच हातीं पडतें असें नाहीं. रक्ताच्या कर्करोगाचेंच पाहा. आंध्रांतील भीमवरम येथें जन्मलेले, मद्रासेस वैद्यक शिकलेले डॉ. येल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधन करीत. त्यांच्या हाताखालीं तयार झालेलें ‘ॲमिनॉप्टेरिन’ हें औषध बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं १९४७ सालापासून रोगग्रस्त मुलांस देऊन पाहिलें. १९४८ सालीं त्यांनीं १६ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दहांचा रोग हटला, पण थोड्याच काळापुरता. त्या मुलांच्या आयांस तें यश वाटलें असेल काय? तरी त्याच वाटेनें, एकास दुसरें औषध जोडीत, आज संपन्न देशांत मुलांमधील ‘तीव्र लिंफोब्लास्टिक’ रक्तकर्करोगाचीं शंभरांतील सुमारें ९० मुलें बरीं होतात.

मुलांसाठीं वेगळा निधि कशाला, हेंहि सांगितलें पाहिजे. मुलांचे कर्करोग बहुधा मोठ्यांच्या कर्करोगांहून निराळे, आणि संख्येनें फार थोडे. औषधें करणाऱ्या कंपन्यांस त्यांत नफा अल्प. शिवाय वाढत्या शरीरास कोणती मात्रा सोसेल, वीस वर्षांनीं हृदयावर तिचा काय परिणाम होईल, हें मोठ्यांवरून ठरवितां येत नाहीं. यासाठीं प्रयोग करावा लागतो तो असा : कांहीं मुलांस चालू उपचार, कांहींस त्यासह नवें औषध, आणि दोन्ही गटांची वर्षानुवर्षें नोंद. प्रयोगशाळेचा खर्च, परिचारिका, नोंदी ठेवणारे कारकून, यांतच पैसा जातो. दिखाऊपणा त्यांत कांहीं नाहीं, म्हणूनच त्यास देणगीदार कमी मिळतात असें आमचें मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांत दर वर्षीं सुमारें ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. संपन्न देशांत शंभरांपैकीं ८० हून अधिक बरीं होतात; कित्येक गरीब देशांत ३० सुद्धां नाहींत. तेथें सांपडलेलें औषधच मुलापर्यंत पोहोंचत नाहीं. निदान उशीरां होतें, किंवा पैसा सरला म्हणजे उपचार अर्धवट सुटतो. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथें लांबलांबून मुलें येतात, आणि आईबापांचा रोजगार बुडतो तो निराळाच. पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मुलाच्या डोळ्याच्या बाहुलींत पांढरी झांक दिसली, अंगावर गांठ वाढूं लागली, किंवा ताप व फिकटपणा हटेना, तर अंगारा-धुपारा करीत बसूं नये, डॉक्टर गांठावा.

आमच्या मुलांपैकीं कोणास असा निधि जमवावासा वाटला तर जरूर जमवावा. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट त्यांस ठाऊकच आहे. मात्र प्रत्येक पैची नोंद वहींत असावी व पावती द्यावी. आजारी मुलाचें चित्र मिरवून दया उकळूं नये. आणि जें मूल गेलें त्याचें नांव निधीस देण्यापूर्वीं त्याच्या आईस विचारावें. कित्येक आयांस तें नांव परक्याच्या तोंडून अजून ऐकवत नाहीं.