जवाहर चौकातून घेतलेलं कपाट

भोपाळच्या जवाहर चौकातल्या फर्निचरच्या दुकानात शिरून 'कपाट दिखाइए' म्हणालात तर दुकानदार गोंधळेल. हिंदीत कपाट म्हणजे दार. उन्हाळ्याच्या तोंडावर केदारनाथाचे उघडतात ते कपाट. आपलं कपाट इथे अलमारी होतं. कप्पा म्हणजे खाना, ड्रॉवर म्हणजे दराज, बिजागरी म्हणजे कब्जा, ओल म्हणजे सीलन आणि वाळवी म्हणजे दीमक. फळीला पटिया म्हणतात, पण जुन्या भोपाळात पटिया म्हणजे दुकानापुढची दगडी बैठक, जिच्यावर रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. एवढे शब्द आधी तोंडात बसवा. भाव करताना लागतात आणि तक्रार करायला गेलात तर जास्तच लागतात.

हे टिपण इथे मुरलेल्या मराठी घरांना विचारून लिहिलं आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतली माणसं ट्रंका आणि वळकट्या घेऊन इथे आली. ग्वाल्हेर-इंदूरहूनही आली, पुढे भेलच्या कारखान्यात आली. सरकारी क्वार्टर्सच्या वसाहतीला नाव मिळालं तात्या टोपे नगर, म्हणजे आपल्या येवल्यात जन्मलेल्या माणसाचं. जवाहर चौक याच टी.टी. नगरात आहे; न्यू मार्केट आणि माता मंदिर दोन्ही जवळ. आता एम्समध्ये, मॅनिटमध्ये, आयसरमध्ये, बँकांत रुजू होणारी तरुण जोडपी येतात. त्यांचा पहिला फोन बहुधा एकाच गोष्टीसाठी असतो: सामान खोक्यांत पडलंय, स्वस्तात ठेवायचं कशात?

ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी आधी हेच सांगितलं, की पहिलं घर टिकत नाही. आल्या आल्या ऑफिसजवळचं घर घेतलं जातं. अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंत पाणी कुठे किती वेळ येतं, शाळेची बस कुठून जाते हे कळतं आणि माणूस कोलार रोडला किंवा साकेत नगरला हलतो. म्हणून जे सुटून पुन्हा दुसऱ्या घरात ताठ उभं राहील तेच घ्या. किंमत, रंग, आरसा हे सगळं त्यानंतर.

खोक्यातून सुटं येणारं स्वस्त कपाट बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं असतं. लाकडाचा चुरा आणि भुसा रेझिनमध्ये दाबून केलेली ही फळी, वर छापील थर. ती वाईट नाही, पण तिचा स्वभाव ओळखायला हवा. तिच्यात पिळलेला स्क्रू एकदा काढून परत पिळला की भोकातून भुसा निघतो आणि पकड जाते. दुकानदाराला विचारा, स्क्रू सरळ बोर्डात जातो, की आधी बसवलेल्या धातूच्या आट्यांत? मिनिफिक्स असेल, म्हणजे फळीत बसणारी ती गोल चकती जी अर्धा फेरा फिरवली की आवळते, तर दोन-तीन वेळा खोलजोड सहन होते. नुसते खिळे आणि गोंद असतील तर घेऊच नका. सुतार बोलावलात तरी त्याला आधीच सांगा, 'भैया, गोंद मत लगाना, घर बदलना है.' त्याला गोंद लावण्याची सवय असते आणि त्याचा हेतू चांगलाच असतो. पण गोंद लावलेलं कपाट पुढच्या घरी अखंडच न्यावं लागतं, आणि ते जिन्यात वळत नाही.

दुसरा शत्रू पाणी. आमच्या पहिल्या घरातलं कपाट जुलैत गेलं. पावसाने नव्हे, आम्ही फरशी धुतली म्हणून. आपल्याला सणावाराला बादलीभर पाणी ओतून फरशी धुवायची सवय. खालची फळी थेट जमिनीला टेकलेली होती आणि तिच्या कडेला पट्टी लावलेलीच नव्हती. आठ दिवसांत कड फुगली, दार खाली घासू लागलं. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं की पाणी लागलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही. तेव्हापासून मी दुकानात कपाट वाकून खालून बघते. प्रत्येक कड, न दिसणारीसुद्धा, पट्टीने बंद हवी. खाली चार इंचांचे पाय हवेत. नसतील तर फ्रीजखाली ठेवतात तसे प्लास्टिकचे स्टँड घ्या. भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा. बोर्डावर आयएस 12823 लिहिलंय का बघा, छापील थराच्या पार्टिकल बोर्डाचं ते भारतीय मानक. प्लायवूड परवडत असेल तर साध्या वापराचं 303 आणि पाण्याला टिकणारं 710.

पुस्तकं आणि डब्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: लोखंडी अँगलचा रॅक. भोकं पाडलेल्या चार उभ्या पट्ट्या, पत्र्याच्या फळ्या, नट-बोल्ट, बस. 1947 मध्ये लंडनला डेमेट्रियस कॉमिनो यांनी ही भोकांची पट्टी काढली. दिसायला गोदामासारखा, पण दहा वेळा खोला, दहा वेळा जोडा. ओळखीच्या एका घरात तो चौथ्या पत्त्यावर उभा आहे, पुढे सुती पडदा लावून.

बोर्डाचीच फळी हवी असेल तर लांबी बघा. 18 मिलिमीटरची फळी पुस्तकांसाठी अडीच फुटांपुढे नको. लांबी दुप्पट झाली की फळी दुप्पट नाही, तेवढ्याच वजनाखाली आठपट वाकते. आणि वाढलेल्या लांबीत तुम्ही पुस्तकंही जास्त भरणार.

निघण्याआधी घराची मापं घ्या: दार, जिन्याचं वळण, लिफ्ट. एक माप सगळे विसरतात. कपाट आडवं जोडून उभं करतात, आणि उभं होताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो. सात फूट उंच, दोन फूट खोल कपाटाला सुमारे सात फूट साडेतीन इंच मोकळी उंची लागते. जुन्या घरांत माळ्याच्या स्लॅबखाली हे नडतं. माळ्याबाहेर उभं करून मग आत सरकवा. भाव ठरवताना लोडिंग ऑटोचं भाडं, मजल्यावर चढवणं आणि जोडणी यांचे पैसे त्यात आहेत का ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

जोडणी सकाळी करा, उजेडात. खोकं फाडून जमिनीवर पसरा, त्यावरच काम करा म्हणजे छापील थराला चरे पडत नाहीत. स्क्रू वाट्यांत वेगळे करा. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने अक्षर घाला, डा, उ, व, ख. पुढच्या घरी हीच अक्षरं तुमचा वेळ वाचवतील. लाकडी गुल्ल्या हाताने दाबून बसवा, मग चकत्या फिरवा, पण एकही शेवटपर्यंत आवळू नका. आता मागची पातळ फळी. ती ठोकण्याआधी टेप घ्या आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरा कर्ण. फरक असेल तर लांब कर्णाचा कोपरा तळहाताने आत ढकला, परत मोजा. दोन्ही आकडे जुळले की मागची फळी ठोका, मग सगळं आवळा. ती पातळ फळीच कपाटाला काटकोनात धरून ठेवते. दारं नीट मिटत नाहीत म्हणून लोक बिजागऱ्यांशी खटपट करत बसतात. चूक बहुतेकदा या कर्णातच असते.

आणि कपाट भिंतीला अडकवा. घरात लहान मूल असेल तर त्याच दिवशी. मुलं ड्रॉवर उघडून पायऱ्यांसारखी वर चढतात. आयकियाने 2016 मध्ये अमेरिकेत सुमारे 2 कोटी 90 लाख ड्रॉवरची कपाटं परत बोलावली, कारण भिंतीला न अडकवलेली कपाटं अंगावर पडून मुलं दगावली होती. घरमालक भोक पाडू देत नाही, ही अडचण खरी आहे. आमच्याकडच्या एका आजींनी तोडगा सांगितला: करार करतानाच विचारा, 'दो छेद करेंगे, जाते समय भरवा देंगे.' नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. भोकात प्लास्टिकची गिट्टी, तिच्यात स्क्रू आणि कपाटाच्या माथ्यावर लोखंडी एल-पट्टी, अर्ध्या तासाचं काम.

उरलेले स्क्रू, ती सहा कोनांची चावी आणि जोडणीचा कागद एका पिशवीत घालून सगळ्यात वरच्या कप्प्याच्या छताला आतून चिकटवून ठेवा. घर बदलायच्या दिवशी ड्रॉवर आधी बाहेर निघतात, खोक्यांत जातात, हरवतात. कप्प्याचं छत मात्र शेवटपर्यंत हाताशी राहतं.