दूध सोडवण्याआधी मशवरा
(सूरह अल-बकरा, आयत 233 च्या प्रकाशात)



सूरह अल-बकराची 233 वी आयत ही दूध पाजण्यासंबंधीची आयत म्हणून आलिमांच्या परिचयाची आहे. आपल्या घरांत मात्र, जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच तिचे स्मरण होत नाही. प्रसंग नेहमीचाच असतो. घरात सव्वा-दीड वर्षाचे मूल आहे, ते अजून आईच्या अंगावर पिते, आणि आईला पुन्हा दिवस गेले आहेत. बातमी कळताच वडीलधारी मंडळी सांगतात, "आता याचे दूध तोड. पोटुशीचे दूध बिघडते, पिणाऱ्या मुलाला बाधते." दुसऱ्याच दिवशी छातीला कडुनिंबाचा किंवा कोरफडीचा लेप लागतो, नाहीतर मुलाला आठवडाभरासाठी आजोळी धाडले जाते. आईला कोणी विचारीत नाही. पित्याला हा बायकांचा विषय वाटतो. आणि पुष्कळदा या सर्वाला "आपल्या धर्मात असेच आहे" अशी पुस्तीही जोडली जाते. धर्मात खरोखर काय आहे, ते या पाठात पाहू.

आयतीचा आशय

या आयतीत अल्लाह तआलाने क्रमाने काही गोष्टी सांगितल्या आहेत. ज्यांना दुधाची मुदत पूर्ण करायची असेल, त्यांच्यासाठी ती पूर्ण दोन वर्षे आहे. या काळात मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी रीतीप्रमाणे पित्यावर आहे. कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकला जाणार नाही. मुलाच्या निमित्ताने आईला त्रास दिला जाऊ नये, तसेच मुलाच्या निमित्ताने पित्यालाही त्रास दिला जाऊ नये. आणि दोघांनी आपसातील रजामंदीने व मशवऱ्याने दूध सोडवण्याचे ठरवले, तर त्यांच्यावर काही गुन्हा नाही.

ही आयत कोठे आली आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तिच्या आधी आणि नंतर तलाक व इद्दतचे आदेश आहेत. म्हणून अनेक मुफस्सिरांनी तिचा पहिला संबंध विभक्त झालेल्या पति-पत्नीशी जोडला आहे. ज्यांचा संसार मोडला आहे, ज्यांच्यात कदाचित बोलणेही उरलेले नाही, त्यांनासुद्धा एका तान्ह्या जिवाच्या दुधासाठी समोरासमोर बसून विचारविनिमय करण्यास सांगितले गेले. मग जे एका छताखाली नांदतात, एका दस्तरखानावर जेवतात, त्यांच्यावर ही जबाबदारी किती अधिक असेल?

दोन शब्द

आयतीतील दोन शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला 'तराजी', म्हणजे परस्परांची राजीखुशी. दुसरा 'तशावुर', म्हणजे परस्परांशी सल्लामसलत. अरबी व्याकरणात हे दोन्ही शब्द 'तफाउल' या बाबातील आहेत, आणि या बाबाचा एक ठळक गुण म्हणजे क्रिया दोन्ही बाजूंनी घडणे. एकाने ठरवले आणि दुसऱ्याने मान खाली घातली, तर ती तराजी होत नाही. एकाने सांगितले आणि दुसऱ्याने ऐकून घेतले, तर तो तशावुर होत नाही. ज्या धातूपासून मशवरा हा शब्द येतो, त्याचा एक जुना अर्थ कोशकारांनी पोळ्यातून मध काढणे असा दिला आहे. मध हाताला लागावा म्हणून धीर धरावा लागतो. सल्ल्याचेही तसेच आहे.

दूध सोडवण्यासाठी कुरआनाने 'फिसाल' हा शब्द वापरला आहे. त्याचा मूळ अर्थ वेगळे करणे असा आहे. आपण ज्याला केवळ आहारातील बदल समजतो, ती त्या मुलाच्या दृष्टीने एक ताटातूट आहे. ती घडवण्याची परवानगी आहे, परंतु परवानगीला दोन अटी जोडल्या आहेत. त्या अटी वगळून फक्त परवानगी घेणे हा आयतीवर अन्याय आहे.

'दूध बिघडते' हा समज

हा समज आपल्याकडचाच नाही. प्रेषितांच्या (स.) काळातील अरबांतही तो होता. दूध पाजणाऱ्या स्त्रीशी संबंध ठेवणे, किंवा गरोदर असताना तिने दूध पाजणे, याला ते 'गीला' म्हणत आणि त्यामुळे मूल दुर्बळ होते असे मानीत. या शब्दाचे हे दोन्ही अर्थ विद्वानांनी दिले आहेत. सहीह मुस्लिममध्ये हजरत जुदामा बिन्ते वहब (रजि.) यांची रिवायत आहे. तिचा आशय असा की, प्रेषितांनी (स.) गीलाला मनाई करण्याचे मनात आणले होते. परंतु रूम आणि फारसचे लोक तसे करतात व त्यांच्या मुलांना त्याने अपाय होत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी मनाई केली नाही.

या हदीसवर थोडे थांबून विचार करावा. प्रश्न शरीराचा होता. त्याचा निर्णय घेताना प्रेषितांनी (स.) इतर लोकसमूहांचा प्रत्यक्ष अनुभव पाहिला, आणि ते लोक त्या वेळी मुसलमानही नव्हते. म्हणून अशा बाबतीत जाणकार डॉक्टरांना विचारणे म्हणजे धर्माबाहेर जाणे नव्हे. उलट ते या सुन्नतला धरूनच आहे.

याच विषयावर अबू दाऊदमध्ये हजरत अस्मा बिन्ते यजीद (रजि.) यांची एक रिवायत आहे. तिच्यात गीलाच्या अपायाविषयी इशारा आढळतो. आलिमांनी दोन्ही रिवायतींचा मेळ असा घातला आहे की, ही गोष्ट हराम नाही. मात्र जेथे अपायाची खरी भीती असेल तेथे सावधगिरी बाळगावी. आजचे वैद्यकशास्त्रही जवळपास हेच सांगते. गरोदरपण सुरळीत असेल आणि आईला पुरेसा आहार मिळत असेल, तर मोठ्या मुलाला अंगावर पाजल्याने दूध विषारी होत नाही. दिवस सरतात तसे दूध कमी होते, त्याची चव बदलते, आणि काही मुले आपण होऊनच पिणे सोडतात. परंतु रक्तस्राव होत असेल, आधी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले असेल, पोटात जुळे असेल किंवा आईच्या अंगात रक्त फार कमी असेल, तर डॉक्टर पाजणे थांबवण्यास सांगू शकतात. अशा वेळी थांबवावे आणि मनात अपराधाची भावना ठेवू नये. आयतीने गुन्हा नाही असे स्पष्ट सांगितले आहे.

आईची बाजू

या आयतीचा उपयोग उलट दिशेने करणेही चुकीचे आहे. "कुरआनात दोन वर्षे सांगितली आहेत, तेव्हा पाजलेच पाहिजे," असे थकलेल्या गरोदर स्त्रीला सुनावणे म्हणजे मुलाच्या निमित्ताने आईला त्रास देणेच होय, आणि त्याला याच आयतीत मनाई आहे. सूरह लुकमानच्या 14 व्या आयतीत आईच्या गर्भारपणाचे वर्णन दुर्बलतेवर दुर्बलता असे आले आहे. सूरह अल-अहकाफच्या 15 व्या आयतीत गर्भ आणि दूध यांचा मिळून काळ तीस महिने सांगितला आहे. जिचे हे दोन काळ एकमेकांवर येतात, ती एकाच वेळी तीन शरीरांचे पोषण करीत असते. तिच्या म्हणण्याला मशवऱ्यात पहिले स्थान हवे. सासू, आजी, नणंद यांचा अनुभव मोलाचा आहे आणि तो आदराने ऐकावा. पण निर्णयाचा अधिकार आयतीने माता-पित्यांना दिला आहे.

थोरल्याचे मन

निर्णय सोडवण्याचा झाला, तर रीत कोणती असावी? एकाएकी तोडण्यापेक्षा एकेक वेळ कमी करावी. दुपारचे पाजणे आधी थांबवावे, रात्रीचे शेवटी. त्या वेळेला मऊ भात-वरण, अंडे, केळे, खजूर असे पोटभर काही द्यावे. पाणी घातलेले दूध आणि बिस्किटे ही आईच्या दुधाची जागा घेऊ शकत नाहीत. अंगणवाडीत नाव नोंदवले असेल, तर गरोदर मातेला आणि तीन वर्षांखालील मुलाला पूरक आहार मिळतो. तो घेण्यात संकोच नसावा.

मुलाला खोटे सांगू नये. "दूध काऊने नेले" असे आपण सहज बोलून जातो. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने काहीतरी देते असे सांगून त्यांना जवळ बोलावले. प्रेषितांनी (स.) विचारले की, काय देणार होतीस? त्या म्हणाल्या, खजूर. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, काही दिले नसते तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. ही रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. दीड वर्षाचे मूल सारे शब्द समजत नाही. तरी आईच्या पोटाला दुखते, आता आपण कुशीत झोपू, एवढे त्याला सांगता येते. सांगताना त्याला कुशीत घ्यावे. दूध सुटले तरी कूस सुटता कामा नये.

तसेच "आता तुझे लाड संपले, बाळ आले की आई बाळाची" अशी थट्टा पाहुणे करतात आणि घरचे हसतात. ही थट्टा थांबवावी. जे बाळ अजून जन्मलेही नाही, त्याच्याविषयी थोरल्याच्या मनात आपणच आकस पेरतो आणि पुढे त्याने बाळाला चिमटा काढला की त्यालाच मारतो. प्रेषितांनी (स.) हजरत नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या पित्याला मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली होती. तो प्रसंग देणगीचा होता, परंतु त्याचे तत्त्व वात्सल्यालाही लागू पडते. न्याय म्हणजे दोघांना तेच देणे नव्हे. धाकट्याला दूध हवे असेल, थोरल्याला मांडी हवी असेल. ज्याला जे हवे ते मिळणे हा न्याय होय.

पित्याचे काम

मशवऱ्यात बसणारा पिता कामातही उतरला पाहिजे. आईला रिकामी मांडी नसेल तेव्हा थोरल्याला उचलणार कोण? सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की नमाजेसाठी निघत. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार ते आपली नात उमामा (रजि.) हिला अंगावर घेऊन नमाज पढले. सजद्यात जाताना तिला खाली ठेवीत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. ज्यांनी नमाजेतही मूल खाली टाकले नाही, त्यांच्या उम्मतीतील पुरुषाला रात्री दोन वाजता रडणारे मूल खांद्यावर घेऊन ओसरीत फेऱ्या मारण्यात कमीपणा वाटू नये. दूध सोडवण्याच्या त्या आठ-दहा रात्री पित्यानेच मुलाला जवळ घ्यावे, हे सर्वांत उपयोगी. मशवऱ्यातील त्याचा वाटा तेव्हा पूर्ण होतो.

अन्नवस्त्राचा आदेशही येथेच आठवावा. घरातील सगळे जेवल्यावर उरलेले खाण्याची गरोदर स्त्रीची सवय हा तिचा त्याग नसून आपली चूक आहे. तिचे ताट आधी वाढावे. लोहाच्या गोळ्या आणि तपासणीच्या तारखा पतीने लक्षात ठेवाव्यात.

रमजानसंबंधी

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल, तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे. नंतर तिने कजा करावी. हनफी मतानुसार तिच्यावर केवळ कजा आहे. कोकणातील आपले बंधू-भगिनी बहुतांशी शाफई आहेत. त्या मतानुसार भीती फक्त बाळासाठी असेल, तर कजासोबत प्रत्येक रोजाचा फिदियाही द्यावा लागतो. आपापल्या आलिमांना विचारून अमल करावा. सवलत अल्लाहने दिली आहे. ती घेणाऱ्या स्त्रीला टोमणे मारण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही.

शेवटी एवढेच सांगणे आहे. ज्या घरात दुसरे बाळ येणार आहे, त्या घरातील पति-पत्नींनी आज इशाच्या नमाजेनंतर, थोरले झोपल्यावर, अर्धा तास एकमेकांजवळ बसावे. पतीने पत्नीला विचारावे की, तुला काय झेपते, काय झेपत नाही? आणि उत्तर पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नये. अल्लाहच्या ग्रंथातील एका आदेशाचे पालन त्या रात्री तुमच्या घरात होईल.

हे अल्लाह, आमच्या मातांची दुर्बलता तुला ठाऊक आहे, तिची कदर आम्हाला शिकव. आमच्या थोरल्यांना आणि येणाऱ्यांना एकमेकांचा आधार कर. आमच्या घरांत रजामंदी आणि मशवरा नांदू दे. आमीन.