आधी कागद दाखवा

हे गेल्यावर महिनाभरातच भाऊजी म्हणाले, "वहिनी, जमीन दादांनी कधीच कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये टाकलीय. तुमचं नाव लागत नाही. खाण्यापिण्याचं मात्र काही कमी पडू देणार नाही."

दादा म्हणजे माझे सासरे. सिल्लोडजवळची आमची जमीन मक्याची, थोडी मिरचीची, आणि चार पिढ्यांपासूनची. मी एवढंच म्हटलं, ट्रस्टचा कागद दाखवा. निघाला तो नोटरीचा शिक्का मारलेला बाँड. जमिनीचा ट्रस्ट मृत्युपत्राने केला नसेल, तर १८८२च्या न्यास कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. शिवाय वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हिस्सा जन्मतःच असतो. तो बापाने एकट्याच्या सहीवर देऊन टाकायचा कसा?

सासऱ्यांची स्वकष्टार्जित जमीन असती आणि दस्त नोंदवलेला असता, तर गोष्ट वेगळी होती. तिथे दस्तात लिहिलं असेल तेवढंच सुनेला मिळतं. पण लाभार्थी म्हणून तिचं नाव असेल, तर दस्त आणि हिशेब पाहण्याचा, नकला घेण्याचा हक्क तिला आहे. विश्वस्त कितीही मोठ्या आवाजात बोलोत.

वकीलबाईंनी मला हिराबाई मगदूम यांचा खटला समजावला. सांगलीच्या कोर्टात सुरू झालेला, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेला. नवरा १९६० मध्ये वारला. मागे त्या, दोन मुलगे, तीन मुली. खालच्या कोर्टाने त्यांना दिला चोविसावा हिस्सा. वरच्या न्यायालयांनी म्हटलं, नवऱ्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरा. त्या वाटणीत बायकोचा स्वतःचा पाव हिस्सा, आणि वर नवऱ्याच्या पाव हिश्शातला सहावा भाग. मिळून सात चोविसांश! २००५ नंतर मुलीही वाटणीत आल्याने आकडे बदलतील, पण बायकोचे हे दोन हिस्से वेगवेगळे मोजायचे असतात. घरातले लोक दुसराच तेवढा सांगतात.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत द्या, पोच घ्या. फेरफाराची नोटीस आली की वाचा. चूक दिसली तर हरकत लेखी द्या. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती ठरवतं दिवाणी न्यायालय. आणि तेराव्याच्या गडबडीत पुढे आलेल्या हक्कसोडपत्रावर सही नको. नोंदवलेलं हक्कसोडपत्र मागे घ्यायचं म्हणजे वर्षानुवर्षं कोर्ट.

आमच्या सातबाऱ्यावर माझं आणि मुलांचं नाव लागलं, शिवाय सासूबाईंचंही. मेलेल्या मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस असते, हे भाऊजींच्या हिशेबात नव्हतं.