वाचकांचे प्रश्न : संशय ग्रुपवर नको, पोलीस ठाण्यात सांगा

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली, आणि चारही आपल्याच पट्ट्यातली: डोंबिवली, घोडबंदर रोड, कळवा, कल्याण. घरातलं माणूस निघून जातं, त्याचा फोटो ग्रुपवर येतो आणि दिवस मावळायच्या आत शोध बाजूला राहून तर्क सुरू होतात. म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे. पत्रं लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न १ : नमस्कार मॅडम. माझा धाकटा दीर (वय ३४) एकोणीस दिवसांपासून बेपत्ता आहे. सकाळी डबा घेऊन ऑफिसला म्हणून निघाला, त्यानंतर फोन बंद. त्याच रात्री आम्ही पोलीस ठाण्यात मिसिंग नोंदवली आणि फोटो व माझा नंबर टाकून मेसेज फिरवला. तिसऱ्या दिवसापासून एरियाच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर भलतंच सुरू झालं. ‘बायकोलाच विचारा’, ‘तो आता जिवंत नाही, घरचे लपवतायत’, शिवाय माझ्या जावेच्या चारित्र्याबद्दल नाही नाही ते. ती जिन्यात फोनवर बोलताना क्षणभर हसली, तो व्हिडिओ कुणीतरी काढून ग्रुपवर टाकला. आता ती मुलाला शाळेत सोडायलाही खाली उतरत नाही. पोलीस म्हणतात, ही एनसी आहे. आम्ही काय करायचं?
– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : ताई, नवरा हरवलेल्या बाईनं चारचौघांत कसं दिसावं, असं कोणतंही कलम नाही. फोनवर हसणं हा कशाचाच पुरावा होत नाही. तिनं नवऱ्याचं बरं-वाईट केलं असं जाहीरपणे लिहिणं मात्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते.

पोलिसांनी ‘एनसी’ म्हटलं ते अब्रुनुकसानीपुरतं बरोबर आहे. हा गुन्हा अदखलपात्र आहे. त्याची तक्रार वकिलामार्फत कल्याणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची असते, आणि ज्याची बदनामी झाली त्यानंच करायची असते. म्हणजे तक्रारदार तुमची जाऊ असेल, तुम्ही नाही. नुकसानभरपाईसाठी आणि मजकूर थांबवण्यासाठी दिवाणी दावाही लावता येतो. भरपाईच्या दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून फक्त एक वर्ष आहे, ती हातची जाऊ देऊ नका.

पण चारित्र्याबद्दल जे लिहिलं गेलं, त्याचं तसं नाही. स्त्रीच्या लज्जेचा अवमान करण्याच्या हेतूनं काही बोलणं किंवा लिहिणं कलम ७९ खाली येतं. ते दखलपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे कुलाब्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण होतं. शेजाऱ्यानं एका रहिवासी महिलेबद्दल ई-मेल लिहून इतरांनाही पाठवले होते. ‘लिहिलं तर काय झालं, तोंडानं बोललो नाही’ हा बचाव न्यायालयानं मानला नाही. तेव्हा ‘एनसी’ एवढ्यावर परत फिरू नका. ते मेसेज छापून न्या, लेखी अर्ज द्या आणि कलम ७९ चा त्यात स्पष्ट उल्लेख करा.

‘आयटी कायद्याचं ६६ अ लावून सरळ अटक करायला सांगा’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्या निकालाची सुरुवात नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी दोन मुलींना अटक झाली आणि देश हलला. लोकांना बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि ते राहायला हवं. मात्र दुसऱ्याची अब्रू घेणं त्यात बसत नाही.

आज रात्रीच एक काम करा. प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात नंबर किंवा नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. फेसबुकच्या पोस्टची लिंक वेगळी जपून ठेवा. ग्रुपचं चॅट एक्सपोर्ट करून स्वतःलाच मेल करा. रागाच्या भरात ग्रुप सोडू नका आणि तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. न्यायालयात हा पुरावा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असणं केव्हाही बरं. त्याच वेळी फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार टाका. दाद मिळाली नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

‘तो आता जिवंत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच कल्याणमधलं उदाहरण आहे. मे २०१४ मध्ये इथले चार तरुण इराककडे निघून गेले. ऑगस्टमध्ये त्यांच्यातला एक मारला गेल्याची बातमी आली आणि सगळ्यांनी ती खरी मानली. नोव्हेंबरमध्ये तोच तरुण जिवंत परतला आणि एनआयएनं त्याला ताब्यात घेतलं. तो कशासाठी गेला, हा न्यायालयाचा विषय. पण गेलेल्या माणसाच्या मरणाची खात्री घरबसल्या कुणालाही देता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

आता शोधाबद्दल. तुमचा नंबर सगळीकडे गेला आहे. ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे, गाडीभाड्याला पैसे पाठवा’ असे फोन येतील. एक रुपयाही पाठवू नका. तो नंबर तपास अधिकाऱ्याला द्या. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. तपास थंडावला आहे असं वाटलं तर कल्याणच्या परिमंडळ ३ च्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज करा. घातपाताचा ठोस संशय असूनही गुन्हा नोंदवत नसतील तर न्यायदंडाधिकारी आणि त्यापुढे उच्च न्यायालय आहे. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांच्या घरच्यांनी चिकाटीनं उच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या न्यायालयानं पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला त्यांच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली. नऊ वर्षं लागली, पण निकाल लागला तो न्यायालयात टिकलेल्या पुराव्यावर.

प्रश्न २ : मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आणि ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. आमच्याकडचा एक भाडेकरू बेपत्ता झाला. मदत व्हावी म्हणून मी लिफ्टमधल्या सीसीटीव्हीची क्लिप ग्रुपवर टाकली. त्यात त्याच्यासोबत एक डिलिव्हरी बॉय दिसतो. दोन तासांत ती क्लिप ‘हाच तो अपहरणकर्ता’ अशा ओळीसकट चार सोसायट्यांत फिरली. त्या मुलाला दुसऱ्या गेटवर लोकांनी अडवलं. मी यात अडकेन का?
– सेक्रेटरी, ठाणे (पश्चिम)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, इतरांनी काय लिहिलं याची जबाबदारी केवळ अ‍ॅडमिन म्हणून तुमच्यावर येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये किशोर तरोणे यांच्या प्रकरणात तसं स्पष्ट केलं आहे. सदस्यांशी अ‍ॅडमिनचं संगनमत दिसत नसेल, तर सदस्याच्या मेसेजसाठी त्याला आरोपी करता येत नाही. पण क्लिप तुम्ही स्वतः टाकलीत, तेवढ्याचं उत्तर तुमच्याकडेच मागितलं जाईल.

ज्यांनी ती ओळ जोडून क्लिप पुढे ढकलली, त्यांना ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणून सुटता येणार नाही. एस. व्ही. शेखर यांच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं २०१८ मध्येच म्हटलं, की मेसेज पुढे पाठवणं म्हणजे तो मान्य करणं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यांना दिलासा दिला नाही.

तो मुलगा गेटवर अडवला गेला, एवढ्यावर निभावलं हे नशीब समजा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात फिरत होते. एकही मूल पळवलं गेलं नव्हतं.

तेव्हा आज ग्रुपवर तुमच्या नावानं लिहा: ‘ही क्लिप मी टाकली होती. त्यात दिसणारा मुलगा पार्सल द्यायला आला होता. त्याच्याविरुद्ध कोणताही पुरावा नाही. क्लिप कुणीही पुढे पाठवू नये.’ इतर सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करून तिथंही हेच टाकायला सांगा. मूळ चित्रण मात्र पुसू नका. डीव्हीआरची जागा भरली, की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग ताबडतोब वेगळं काढून ठेवा आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. त्यांनी पत्र दिलं, की प्रत द्या आणि पोच घ्या. कॅमेऱ्याचा खरा उपयोग तिथंच होतो.

प्रश्न ३ : माझी मुलगी (वय १५) परीक्षेच्या ताणातून घर सोडून गेली होती. तीन दिवसांनी सुखरूप सापडली, आता शाळेत जाते. पण तिचा ‘हरवली आहे’ मेसेज अजून फिरतो आहे. कुणीतरी त्याखाली ‘मुलासोबत पळाली’ असं जोडलं आहे. वर्गातल्या मुली तिला तो मेसेज दाखवतात. हे थांबेल कसं?
– एक वडील, कळवा

उत्तर : दादा, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत कायदा फार कडक आहे. बाल न्याय अधिनियमाप्रमाणे हरवलेलं किंवा घर सोडून गेलेलं मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. अशा बालकाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, म्हणजे ओळख पटवणारं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शोध चालू असताना फोटो देणं मुलाच्या हिताचं होतं. मूल सापडल्यावर त्या फोटोचं काम संपलं. त्याखाली नवी ओळ जोडून तो फिरवणाऱ्याला कसलाच आधार उरत नाही.

मूळ मेसेज तुम्ही जिथं जिथं टाकला होता, तिथं आधी फोटो न वापरता लिहा: ‘मुलगी सुखरूप घरी आहे. जुना मेसेज आणि फोटो कृपया काढून टाका.’ फेसबुक, इन्स्टाग्रामवर असेल तर ‘अल्पवयीन’ या कारणाखाली तक्रार करा. ज्या नंबरवरून ती ओळ जोडली गेली तो सापडला, तर कलम ७४ चा उल्लेख करून पोलीस ठाण्यात अर्ज द्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, पण वर्गातल्या मुलींवर केस करायच्या भाषेत बोलू नका. त्याही लहान आहेत. त्यांच्या पालकांना समोर बसवून कायदा समजावला, तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मुलीला बोलावंसं वाटलं, तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक तिच्यासाठीही आहे.

इतर पालकांसाठी एक गोष्ट सांगते. मूल हरवलं तर २४ तास थांबायचं नसतं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पोलिसांनी लगेच अपहरणाचा गुन्हा नोंदवूनच शोध सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सांगितलं आहे. मूल स्टेशनवरून गेलं असेल आणि ‘हे लोहमार्ग पोलिसांचं आहे, तिकडे जा’ असं कुणी म्हणालं, तर ‘झीरो एफआयआर’ मागा. हद्द कुणाचीही असो, ती नोंदवून घ्यावीच लागते.

प्रश्न ४ : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. आमच्या भागातला एक तरुण हरवला आहे. तो गेला त्या संध्याकाळी मी त्याला कल्याण स्टेशनच्या स्कायवॉकवर पाहिलं. त्याच्याबरोबर आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ होते. पोलीस ठाण्याच्या फेऱ्या नकोत म्हणून गप्प बसलो आहे. पण मन खातं. निदान नाव न घेता ग्रुपवर लिहू का?
– एक ज्येष्ठ वाचक, कल्याण (पश्चिम)

उत्तर : सर, ग्रुपवर लिहू नका. गल्लीत सूचक बोललं, तरी नाव लोक अर्ध्या तासात काढतात. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. ब्राउन विद्यापीठातला भारतीय वंशाचा एक विद्यार्थी त्याआधी महिनाभर बेपत्ता होता. इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी धूसर छायाचित्रं जुळवून त्यालाच बाँब ठेवणारा ठरवलं. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी काढलेलं फेसबुक पान शिव्याशापांमुळे बंद करावं लागलं. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

हीच माहिती तुम्ही पोलिसांना दिलीत, तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. अब्रुनुकसानीच्या कलम ३५६ मध्येच अपवाद आहे: ज्याला चौकशीचा अधिकार आहे, त्याच्याकडे सद्हेतूनं एखाद्याविरुद्ध सांगणं ही बदनामी नाही. तुमचा समज चुकीचा निघाला तरी तुम्ही गुन्हेगार होत नाही. जाणूनबुजून खोटं सांगितलं तरच होता. म्हणजे जे वाक्य ग्रुपवर गुन्हा ठरू शकतं, तेच पोलीस ठाण्यात मदत ठरतं.

फेऱ्यांची भीतीही काढून टाका. साठ वर्षांवरच्या साक्षीदाराला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांनीच तुमच्या घरी यायचं असतं. हे कलम स्त्रियांना आणि आजारी माणसांनाही लागू आहे.

जबाब देताना पाहिलं तेवढंच सांगा: तारीख, साधारण वेळ, स्कायवॉकचा कोणता जिना, अंगावरचे कपडे, हातातली पिशवी, दोघं कोणत्या बाजूला गेले. ते गृहस्थ त्याच्याबरोबर का होते, हा अंदाज तुम्ही करू नका. कदाचित वाटेत सहज भेटले असतील, आणि त्यांच्याच सांगण्यावरून पुढचा धागा मिळेल. स्टेशनच्या कॅमेऱ्यांतलं चित्रणही कायम राहत नाही. हे पत्र पोस्टात टाकल्यापासूनच बरेच दिवस गेले आहेत, सर. हा अंक हातात पडेल त्याच दिवशी पोलीस ठाण्याला फोन करा. तपास अधिकाऱ्यांना घरी बोलवा आणि त्यांना ती वेळ सांगा.