हाडांतली पोथी

अल्लीपूरच्या वर्गात एकदा आम्ही धडा संपवून फळा पुसत होतो. एक आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, लहानपणी माहेरी आमाले विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तुमचं रगत येगळं हाय, असं म्हनत. हे खरं काय जी?"

वर्ग गप्प झाला. प्रश्न मोठा होता. त्याचे उत्तर जमिनीत पुरलेल्या जुन्या हाडांनी दिले आहे. ते कसे, ते आज पाहू.

सरकी पेरली की कपाशी उगवते. तूर पेरली की तूर उगवते. काय उगवायचे, याची नोंद बियाण्यातच असते. तशीच नोंद माणसाच्या अंगात असते. तिला डीएनए म्हणतात. तिची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. आपल्याला सारी बाराखडी शिकावी लागली. या पोथीत अक्षरे चारच आहेत. पण एका प्रतीत ती एकापुढे एक अशी सुमारे ३०० कोटी मांडलेली असतात.

कोणत्याही दोन माणसांच्या पोथ्या शेजारी ठेवा. हजार अक्षरांत सरासरी एखादेच अक्षर वेगळे निघते.

माणूस मेला तरी हाडांत ही पोथी काही काळ टिकते. ऊन आणि ओल तिला वाळवीसारखी खातात. थंड मुलखात ती हजारो वर्षे राहते. आपल्या उष्ण देशात ती मिळणे कठीण.

नागपूरजवळ जुनापाणी येथे दगडांची मोठी वर्तुळे आहेत. फार पूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी ती रचली. तिथे खोदल्यावर लोखंडी वस्तू आणि मडकी निघाली. अशा वस्तूंवरून ते लोक कसे राहत, हे कळते. पण ते कोणाच्या नात्यातले, हे मडके सांगत नाही. ते हाडातली पोथी सांगते.

आधी दूरची गोष्ट ऐका, मग घरची.

आपल्यासारखा माणूस पहिल्यांदा आफ्रिकेत झाला. तिथून तो जगभर पसरला. वाटेत त्याला दुसऱ्या प्रकारची माणसे भेटली. त्यांना निअँडरथल म्हणतात. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. स्वान्ते पेबो या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जर्मनीत त्यांची हाडे तपासली. २०१० साली त्यांनी ती पोथी वाचून दाखवली. या कामासाठी पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून काय कळले? निअँडरथलांचा थोडा अंश आपल्यातही आहे. शंभरात एक-दोन हिस्से.

आता घरची गोष्ट. हरियाणात राखीगढी नावाचे गाव आहे. तिथे सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी मोठे शहर होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांनी तिथे खोदकाम केले. साठाहून अधिक सांगाड्यांचे नमुने तपासले. त्यांतून फक्त एका बाईची पोथी वाचता आली. हे २०१९ साली छापून आले.

त्या बाईच्या अंगात दोन धारा होत्या. एक धारा इराणकडच्या प्राचीन लोकांशी नाते सांगते. दुसरी या भूमीवरच्या फार जुन्या शिकारी लोकांशी. पुढे तिसरी धारा आली. सुमारे ४,००० ते ३,५०० वर्षांपूर्वी मध्य आशियाच्या गवताळ मुलखाकडून गुरे पाळणाऱ्या लोकांचे वंशज इकडे आले. आज आपल्या देशातल्या बहुतेक लोकांत या तिन्ही धारा आहेत. कोणात एक जास्त, कोणात दुसरी.

आपली वर्धा नदी पुढे पैनगंगेला घेते, मग वैनगंगेला भेटते. तिघींची प्राणहिता होते. सिरोंच्याला घागर भरली, तर त्यातले पाणी कोणत्या नदीचे, सांगता येईल का?

मग जाती कशा झाल्या? हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी आजच्या लोकांच्या पोथ्या तपासल्या. २०१३ साली त्यांनी सांगितले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले लोक खूप मिसळले. पुढे लग्ने आपापल्या गटातच होऊ लागली. म्हणजे मिसळणे आधीचे, कुंपण नंतरचे. शुद्ध रक्ताचा असा कोणीच उरला नाही.

आम्ही आजीबाईंना म्हणालो, "आजी, तुमचं रक्त तसलं वेगळं नव्हतं. ते सांगणं खोटं होतं."

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू. १९५० साली आपल्या संविधानाने अस्पृश्यता बंद केली. तेव्हा हाडांची साक्ष कोणी मागितली नाही. तहानलेल्याला पाणी नाकारणे हा अन्याय आहे, एवढे पुरे होते. आता हाडांनीही साक्ष दिली, इतकेच.

सांगा पाहू
१. माणसाच्या अंगातल्या नोंदीला काय म्हणतात?
२. आपल्या देशात जुनी पोथी मिळणे कठीण का?
३. राखीगढीच्या बाईत कोणत्या दोन धारा होत्या?
४. आपल्या गावात अजून कोणते कुंपण उरले आहे? चारचौघांत बोला.