सात वर्षांनी हँडल मारताना

विजेची डीपी जळाली ती नेमकी हरभऱ्याच्या पाण्याच्या पाळीला. नवी कधी बसणार, कोणी सांगेना. आमचं वावर मेहकरच्या खाली, पैनगंगेकाठी. डोहात पाणी होतं, मोटार धडधाकट होती, वीज तेवढी नव्हती. तेव्हा कोठ्यातलं बाबांचं ऑइल इंजिन आठवलं. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला 650 फेरे, दोन्ही अंगांना दोन जड ओतीव चाकं. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या जुन्या नमुन्यावर राजकोटकडे अशी इंजिनं वर्षानुवर्षं बनली. आमचं सात वर्षं पोत्यांखाली उभं होतं.

टाकीत जुनं डिझेल होतं, त्यातच नवं पाच लिटर ओतलं आणि हँडल लावलं. चाक हलेना. पुढे जे केलं ते सांगायला लाज वाटते. हँडलवर चार फुटी पाइप चढवला आणि दोघं त्याला लोंबकळलो. आत कट् असा आवाज झाला, चाक फिरलं, मी खूश. तो आवाज पिस्टनची रिंग तुटल्याचा होता. सात पावसाळ्यांची दमट हवा आत शिरून रिंगा आणि लायनर गंजानं एकमेकांना धरून बसले होते.

मेहकरात मोटारी भरून देणारे पैशाला पासरी, पण ऑइल इंजिनचा मिस्त्री शोधता शोधता दोन दिवस गेले. शेवटी एक म्हातारे चाचा मिळाले. त्यांनी आधी टाकीचं झाकण काढून वास घेतला. जुन्या डिझेलला वार्निशसारखा आंबूस वास येतो, आणि तळाशी पाणी साचतं. सगळं काढून टाकी धुवायला लावली. मग हेड उघडून रिंगा बदलल्या.

जाम इंजिन सोडवायची रीत त्यांच्याकडूनच कळली. नोझल काढायचं, त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं सोडायचं आणि दोन-तीन दिवस मुरू द्यायचं. मग चाक हातानंच मागं-पुढं करायचं, जाईल तेवढंच. मोकळं झालं की नोझल बसवण्याआधी चार-सहा फेरे द्यायचे, म्हणजे पिस्टनवर साचलेलं तेल बाहेर उडून जातं. ते आत राहिलं तर दाबलं जात नाही, रॉड वाकतो.

खरी भीती पुढेच होती. चाचा नमाजला गेले आणि मला धीर निघेना. एअर फिल्टरमध्ये उंदरानं चिंध्यांचं घर केलं होतं म्हणून तो काढून ठेवलेला. एकट्यानंच हँडल मारलं. धक्... धक्... धकधक... आणि मग आवाजांत फटच उरली नाही. इंजिन सुसाट सुटलं. कोठ्याचे पत्रे थरथरू लागले, पाया सोडून ते आता बाहेर येतं की काय असं वाटलं. बंद करायची कळ दाबली, ती हलेना. फ्यूल पंपाची दांडी जुन्या डिझेलच्या चिकट थरानं पूर्ण उघडी अडकली होती, त्यामुळे वेग आवरणारा गव्हर्नर तरी काय ओढणार! ओतीव चाक अशा वेगात फुटलं तर भिंतही त्याला अडवत नाही. मी दारात खिळलेलो. चाचा धावत आले, कोपऱ्यातला लाकडी पाट उचलला आणि हवा ओढायच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन घुसमटलं, दोन आचके देऊन थांबलं.

"बाबू, बंद कुठून करतात ते पाह्यलं होतं का आधी?" एवढंच ते बोलले.

तेव्हापासून मी पहिली ती दांडी बोटानं सरकवून बघतो. लोण्यासारखी गेली पाहिजे. अडकली तर हँडलला हात नाही. पाट जवळ हवाच. तोंडावर पंजा मात्र कधी धरू नका, आत ओढला जाईल. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनानं उलटा झटका दिला तर विळखा घातलेला अंगठा जातो. नोझलची फवार तळव्यावर घेऊन बघायची खोड अनेकांना असते. दीडशे-दोनशे किलोच्या दाबाची ती धार कातडीत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसलं तरी थेट दवाखाना गाठावा.

एवढं होऊनही इंजिन दहा मिनिटं चालून बंद पडायचं. हवा काढली, फिल्टर बदलला, डोहातला फुटबॉलसुद्धा (फूट व्हॉल्व्ह) वर काढून धुतला. अर्धा दिवस गेला. दोष निघाला टाकीच्या झाकणात. हवेसाठीचं मोहरीएवढं भोक कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं. खराट्याची काडी घातली, माती पडली, आणि संध्याकाळपर्यंत इंजिन थांबलं नाही.

हरभरा भिजला. पुढे डीपीही आली. इंजिन पुन्हा पोत्यांखाली गेलं, पण या वेळी जॅकेटमधलं पाणी सोडून, टाकी कोरडी करून आणि सायलेन्सरच्या तोंडाला डबा पालथा घालून. दर अमावास्येला जाऊन चाकाला दोन फेरे देतो. पाट खिळ्याला टांगलेला आहे. बायको तो दोनदा मागून गेली, मी दिला नाही.